मधलं शटल

लग्न होऊन सौंसरला आले तेव्हा ह्यांना रॅकेट धरायला मीच शिकवलं. नागपूरच्या कॉलेजात मी बॅडमिंटन खेळले होते. पण एका हिवाळ्यातच हे माझे गुरू होऊन बसले. ह्यांच्या ऑफिसमागच्या मैदानात चुन्याच्या रेषा आखून केलेल्या कोर्टावर आम्ही जोडीने खेळायचो. माझी जागा ठरलेली होती, नेटजवळ. पुढचीने नेटवरची हलकी शटलं टिपायची, मागच्याने लांबची मारायची. पद्धत वाईट नाही. पण ह्यांना स्मॅशची एवढी हौस, की माझ्या नाकासमोरचं शटलही हे धावत येऊन मारायचे. मागे अख्खं कोर्ट उघडं पडायचं. तिथे शटल पडलं की सगळ्यांदेखत ओरडायचे, "काऊन वो, कुठं पाहून राहिली?"

वर्गातल्या पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणारी मास्तरीण मी. तिथे मात्र ओठ चावून उभी राहायची.

पांढुर्ण्याच्या स्पर्धेत फायनलला आमच्यासमोर रेल्वेतले एक बाबू आणि त्यांची बायको होती. बाई ठेंगणी, पण नजर तीक्ष्ण. तिने आमचं दुखणं लगेच ओळखलं. शटल ना माझ्याकडे, ना ह्यांच्याकडे, नेमकं दोघांच्या मधे टाकायची. हे झेपावायचे, मीही झेपावायचे. एकदा ह्यांची रॅकेट फाडकन माझ्या कोपरावर बसली.

"माझं होतं ते!" मी कळवळून म्हणाले.

"तुझं होतं तं घेतलं काऊन नाही?"

पहिला गेम गेला. पाणी पिताना हे लोकांकडे वळून म्हणाले, "हिच्यासंगं खेळणं म्हणजे एकट्यानं खेळणं हाय." लोक हसले. समोरची बाई तेवढी हसली नाही.

कोपर ठणकत होतं. मी सरळ मागच्या रेषेजवळ जाऊन उभी राहिले.

"पुढं ये."

"नाही येत. पुढं तुमी राहा. रॅकेट वर धरा अन् मागं पाहू नका."

"लोक हसून राहिले ना!"

"हसू द्या."

पंच खोळंबले होते. हे चरफडत पुढे गेले.

वारा माझ्या तोंडावर येत होता, म्हणून मी जोर लावून शटल उंच, बाबूंच्या डाव्या कोपऱ्यात टाकत राहिले. ते मागे रेटले गेले की त्यांच्या बाजूची नेटजवळची जागा मोकळी. मग तिथे हलकंसं टाकायचं. त्यांची बायको धापा टाकत यायची आणि शटल कसंबसं परतवायची, ते नेमकं ह्यांच्या रॅकेटसमोर. समोरून स्मॅश येणार असं दिसलं की मी ह्यांना बाजूला बोलावून घ्यायची, दोघं शेजारी उभे राहायचो, आणि मधल्या शटलाला मी मोठ्याने ओरडायची, "माझं!" उरलेले दोन्ही गेम आम्ही जिंकलो.

कप हातात आल्याबरोबर हे संयोजकांना सांगू लागले, "पहिला गेम गेला नं, मंग मी हिले मागं टाकलं. डोकं लावा लागते."

माझं अंग पेटलं. "खोटं हाय. मागं मी गेली. तुमी नाही म्हणत होते."

मग हे हसले, "बाप्पा, रागावली!" आणि त्यांच्याबरोबर सगळेच हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

परतीच्या बसमध्ये हे म्हणाले, "लोकांसमोर असं बोलतेत का?"

"लोकांसमोर ओरडतेत का? पुढच्या वेळी मी तुमच्यासंगं खेळत नाही."

त्यांना वाटलं, निवळेल. नाही निवळलं. पुढच्या हिवाळ्यात मी सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंबरोबर बायकांच्या डबल्समध्ये उतरले. हे बाकावरून ओरडू लागले, "पुढं जा! अवो, पुढं जा!"

मी सर्व्हिस थांबवली, वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमी चूप बसा."

त्या दिवशी आम्ही हरलो. हे बाक सोडून कधी निघून गेले, मी पाहिलंही नाही.