हुंकार मागणारी सोमीबाई

मुरबाडच्या बाजारात बौद्धवाडीची शेवंता भेटली. “सोमी गेली गो बाय... सकालीच,” म्हणाली. मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच एका पायरीवर बसले. त्याला आता महिना होत आला.

सोमीबाई कातकरी वाडीतली, मी गावातली कुणब्यांची सून, अंगणवाडीची बाई. करवंदांची पाटी उतरवून ती मला न विचारताच पोरांना गोष्ट सांगायला बसायची. अट एकच, वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणायचं. हुंकार थांबला की, “माज्या एकटीची हाय का गोष्ट?” म्हणत पाटी उचलून चालती व्हायची. मोठी तोऱ्याची बाई!

नव्वदीतल्या एका उन्हाळ्यात वाडीचा झरा आटला. गावच्या विहिरीला वाडीच्या बायकांनी हात लावायचा नाही, कोणी वरून ओतेल तेव्हाच पाणी घ्यायचं, अशी रीत. मीच सोमीला म्हटलं, ग्रामसभेत ये, बोल. ती आली, पण भाषण कुठलं, गोष्टच सुरू केली. “एक पोरगी व्हती. रिकामा हंडा घेऊन हिरीवर बसली...” आणि थांबली. सभा चिडीचूप. सरपंच माझे चुलत दीर. मी मान खाली घातली.

“हूं,” मागून शेवंता म्हणाली. सोमी पुढे सांगू लागली. बाया आल्या, गेल्या, कोणी ओतलं नाही, भर उन्हात पोरीला भोवळ आली. पोरगी तिचीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि शिवाशिवीत कोणाचं न ऐकणाऱ्या माझ्या सासूबाई बोलल्या, “हूं. कावला शिवला का चार दिस मला बी हिरीवर जाऊ देत नवते. तानेनं जीव जायचा.”

“आमाला तं बाराई महिने कावला शिवल्याला, काकी!” शेवंता म्हणाली. बायका खो खो हसल्या. मग चहूकडून हुंकार येऊ लागले. दुसऱ्या दिवशी सोमीनं स्वतः पोहरा सोडला, शेजारी सासूबाई उभ्या. पुरुषांची कुरकुर वर्षभर चालली, पण पोहरा काही कोणी अडवला नाही.

सोमीनं मला त्या दिवसाबद्दल कधी टोमणा मारला नाही. तेच मला जास्त लागायचं.

परवा वाडीवर गेले. तिची तीच लेक, आता स्वतः आई झालेली, ओट्यावर पोरांना सभेची गोष्ट सांगत होती. “पयला हूं शेवंतामावशीनं दिला. दुसरा आपल्या अंगनवाडीच्या बायनं...”

“नाय गो,” मी म्हटलं, “मी गप्प बसले व्हते. भ्याले व्हते.”

“आय तं असाच सांगायची,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत हुंकारासाठी थांबली.