निकम परत आला

चार जुने कॉलेजमित्र एकत्र बसले की प्रत्येकाच्या नावावर एखाददुसरा किस्सा निघतो. कुणी गोदावरीत चप्पल घालवलेली असते, कुणी प्रिन्सिपॉलच्याच टांग्यात फुकट बसलेला असतो. माझ्या नावावर मात्र ढीग साठलाय. त्याला कारण आहे. नाशिकच्या कॉलेजात पहिल्या वर्षाचा वर्ग मी दोनदा केला, आणि दोन्हींच्या मध्ये कॉलेजने मला दोन वर्षं बाहेर ठेवलं होतं. लोक या गोष्टी मीठमसाला लावून सांगतात. म्हटलं, ज्याच्यावर गुदरलं त्यानेच एकदा सांगावं.

*

सन तेहेतीसच्या मार्चातली गोष्ट. वार्षिक परीक्षा चालू होती. मी दोन चिठ्ठ्या केल्या होत्या, एक संस्कृतची, एक इतिहासाची. मुंगीच्या पायाएवढं अक्षर काढून दोन रात्री बसलो होतो. तेवढ्या वेळात पुस्तक पाठ झालं असतं, पण ते तेव्हा सुचलं नाही.

चिठ्ठी टोपीच्या अस्तरात ठेवली. पेपर संस्कृतचा. अर्ध्या तासाने इतका घाम फुटला की टोपी काढून कपाळ पुसायला गेलो, आणि चिठ्ठी थेट लेले सरांच्या पायाशी पडली. लेले सर आमचे संस्कृतचे प्रोफेसर. उंच, किडकिडीत, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी चिठ्ठी उचलली, उजेडाकडे धरून वाचली. तीवर इंग्लंडच्या राजांची वंशावळ होती. गडबडीत मी उद्याची चिठ्ठी आज आणली होती.

सर म्हणाले, "निकम, या राजांना विभक्ती लावणार होतात का?"

हॉल हसला. मीही हसलो, सवयीने. संध्याकाळी नोटीस लागली: दत्तात्रय निकम, दोन वर्षांसाठी रस्टिकेट. तेव्हा कुणी हसलं नाही.

*

आमचं गाव नांदगाव. पोरगं घरी का बसलंय, हे शेजारपाजारी सांगायचं कसं? आईने तोड काढली. "तब्येत बरी न्हाई त्याची," ती म्हणाली, "डाक्टरनं हवापालट सांगितलाय."

नाशिकची हवा सोडून नांदगावच्या फुफाट्यात हवापालटाला आलेला मी पहिलाच. पण लोकांनी विश्वास ठेवला, आणि तोच माझ्या मुळावर आला. सकाळी पाटलीणबाईंकडून अडुळशाचा काढा, दुपारी सुताराच्या घरून गुळवेल, संध्याकाळी कुणाचं तरी चाटण. नको म्हणायची सोय नव्हती. आई डोळ्यांनी दटावायची.

पंधरवड्याने पाटलीणबाई आईला म्हणाल्या, "आता जरा तोंडावर तेज दिसतंय हो."

आई म्हणाली, "हाय खरं, पण मुळातून जायला दोन वर्षं लागतील, असं कालेजवाले म्हणत्यात."

*

पुढे मी युसूफचाचांच्या कापडाच्या दुकानात बसायला लागलो. चाचा गावातले वजनदार गृहस्थ. भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटायची. खरी गोष्ट त्यांना पहिल्या दिवशीच ठाऊक होती, पण दीड वर्ष मी त्यांच्याकडे गज धरून कापड मोजलं, त्यात त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही.

पस्तीस साली परत प्रवेश मागायला निघालो, तेव्हा कॉलेजने अट घातली की गावातल्या प्रतिष्ठित माणसाचं चांगल्या वर्तणुकीचं पत्र आणावं. चाचांनी लगेच लिहून दिलं, पाकीट चिकटवलं आणि म्हणाले, "बेटा, बडे साहेबांच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या नको."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी पत्र फोडलं, वाचलं, परत वाचलं, आणि मला मोठ्याने वाचायला दिलं. लिहिलं होतं: "या मुलाला मी पाळण्यापासून ओळखतो. याला लबाडी येत नाही. एकदा करून पाहिली, ती साऱ्या जिल्ह्याला माहीत झाली."

माझे कान तापले. साहेबांनी विचारलं, "हे पत्र तुमच्याकडे किती दिवस होतं?"

"आठ दिवस, सर."

"आणि काय लिहिलंय ते पाहिलं नाहीत?"

"पाकीट बंद होतं, सर."

साहेबांनी घंटी वाजवून क्लार्कला बोलावलं. "यांचं नाव घाला रजिस्टरात."

*

पहिल्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा गेलो तो फाटकावरचा शिपाई म्हणाला, "निकमसाहेब, घंटा झालीया. आता आत तरी जा न्हाई तर घरी तरी."

आत गेलो. अडचण निराळीच होती. माझा धाकटा भाऊ वसंत माझ्याहून दोन वर्षांनी लहान, त्याच साली मॅट्रिक होऊन आलेला. म्हणजे आता तो माझ्याच वर्गात. मला पहिल्या बेंचवर बसायची सक्ती होती, तो मुद्दाम शेवटच्या बेंचवर जाऊन बसला.

लेले सरांनी हजेरी घेतली. "निकम डी., निकम व्ही. तुमचं आपसात काही नातं?"

मी तोंड उघडण्याआधी मागून वसंताचा आवाज आला. "एकाच गावचे आहोत, सर."

तास संपेपर्यंत मी वहीकडे पाहत राहिलो. खरं सांगायचं तर रस्टिकेटची नोटीस वाचतानाही इतकं लागलं नव्हतं. मधल्या सुट्टीत खोलीवर जाताना तो दहा पावलं मागून चालत होता. मग धावत आला आणि म्हणाला, "दादा, मी खोटं नाही बोललो."

"नाही."

"घर गावातच येतं की."

मी हसलो, आणि त्याला रडू फुटलं. रस्त्यातच बसला. त्याला उठवून खोलीपर्यंत आणता आणता दोघांचा इंग्रजीचा तास बुडाला. माझ्या हजेरीवर पहिली लाल रेघ पडली ती अशी.

*

पंचवटीत आम्ही जेवायला जायचो ती खाणावळ सीताकाकूंची. बाई तोंडाने तिखट, हाताने सढळ. दुसऱ्याच दिवशी पंगतीत सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "तुला काढलं होतं म्हणे?"

"हो, काकू."

"कशापायी?"

"चोरून लिहायला गेलो होतो."

काकूंनी आमटी वाढली. "निदान लिहायला तरी गेलास. हे बाकीचे वर्षभर उघड्यावर काही लिहीत नाहीत."

मग कमरेची किल्ली काढून माझ्या पानाशेजारी ठेवली. तुपाच्या कपाटाची. पोरांनी गलका केला की काकू, याच्याच हातात? त्या म्हणाल्या, "याच्याच. तुम्ही सगळे याच्यावर डोळा ठेवणार, मला ठेवायला नको."

वर्षभर तूप मी वाढलं. माझ्या स्वतःच्या पानात इतकं कमी तूप कधी पडलं नव्हतं.

*

वर्गातली पोरं मला "अहो निकम" म्हणायची. परीक्षा जवळ आली तसा त्यांचा आदर वाढला. वणीचा गांगुर्डे म्हणून एक होता, तो एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही अनुभवी. चिठ्ठी टोपीत ठेवावी की बाहीत?"

"मी टोपीत ठेवली होती."

त्याने विचार केला. "मग बाहीत."

"बाहीत ठेवणारा पण एक होता, माझ्याच वर्षी."

"त्याचं काय झालं?"

"तो सध्या मामाच्या गुऱ्हाळावर असतो. रस चांगला असतो म्हणे."

दुसऱ्या दिवशी गांगुर्डे लायब्ररीत दिसला. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या.

*

परीक्षेत माझं टेबल सुपरवायझरच्या खुर्चीला चिकटून होतं, आणि रोज हॉलच्या दारात माझी झडती व्हायची. संस्कृतच्या दिवशी लेले सर स्वतः उभे होते. टोपी पाहिली, अस्तर चाचपलं, खिसे उलटे केले. कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची एक पुडी निघाली. मला तिचा पत्ताच नव्हता.

मागची पोरं टाचा उंचावून पाहू लागली. सरांनी पुडी उघडली. आत वणीच्या देवीचा अंगारा. आईने कोट धुऊन पाठवताना ठेवलेला.

"हा कोणत्या विषयाचा?" सरांनी विचारलं.

"सगळ्याच, सर."

सरांनी चिमूटभर अंगारा स्वतःच्या कपाळाला लावला, पुडी नीट मिटून माझ्या खिशात घातली आणि म्हणाले, "जा आत. मलाही यंदा सहा गठ्ठे तपासायचेत."

*

आबांबद्दल, म्हणजे वडिलांबद्दल, मी एरवी बोलत नाही, कारण ती दोन वर्षं आणि पुढचंही एक ते माझ्याशी बोलले नव्हते. नांदगाव स्टेशनात मालधक्क्यावर क्लार्क होते. रागावले असते तर सुटल्यासारखं झालं असतं. जेवताना मी समोर बसलेला असायचो आणि ते आईला म्हणायचे, "त्याला भाकरी वाढ."

निकाल लागला. आम्ही दोघेही भाऊ पास झालो. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने आबा नाशिकरोडला उतरले, टांग्याने थेट आमच्या खोलीवर आले. अंगात ड्यूटीवरचा बटणांचा कोट. माझ्याकडे बघून म्हणाले, "गुरुजी कुठे राहतात?"

तीन वर्षांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी विचारलं, "कोणते?"

"ज्यांनी पकडलं ते."

वसंताचा चेहरा उतरला, माझाही. तसेच तिघं निघालो. लेले सर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. आम्हाला तिघांना पाहून उठून उभे राहिले आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र छातीशी धरलं, जणू कुणी अंगावर येणार आहे.

आबांनी हात जोडले. "मी याचा बाप. तुम्ही पकडलंत तेव्हाच तुमचे आभार मानायला यायचं होतं. पण तेव्हा आलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, रदबदलीला आलोय. म्हणून पास होईपर्यंत थांबलो."

सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग चष्मा काढून पुसला. "मला वाटत होतं, तुम्ही एक दिवस भांडायला याल. मी उत्तर तयार ठेवलं होतं."

"काय उत्तर होतं?"

"आता आठवत नाही," सर म्हणाले, आणि आत चहाला सांगितलं.

चहा आला. आबा बशीत ओतून शांतपणे प्यायले. मग त्यांना वसंताची आठवण झाली. तो खांबाआड बसला होता. त्याच्याकडे हात करून आबा म्हणाले, "हा माझा धाकटा. याला अजून कुणी पकडलेलं नाही."

वसंताच्या बशीतला चहा सगळा धोतरावर सांडला.