रनातून आलेला फोन

माझ्या साडूइतका संताप आणणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो माझ्या साडूच्या हाताखाली काही वर्षं काढून आलेला असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चाळीस वर्षं मी त्याच्यावर चिडत आलो आहे. त्याच्या हसण्यावर चिडलो, दुसऱ्याच्या दारात चपला उलट्या वळवून ठेवण्यावर चिडलो, पंगतीत वाढप्याला थांबवून ताट पुन्हा पुसून घेण्यावर चिडलो. आता पंच्याहत्तरी उलटली, डॉक्टरांनी चिडू नका म्हणून बजावलं आहे, तरी आज चिडूनच लिहायला बसलो आहे. फरक इतकाच की या वेळी रागातला मोठा वाटा मला माझ्याकडे घ्यायचा आहे. साडूची एकुलती एक लेक चार वर्षं त्याच्या घरी आलेली नाही. ज्या कारणासाठी येत नाही ते कारण खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

त्यानं सगळी नोकरी जालन्यात बियाण्याच्या एका कारखान्यात काढली. काम एकच. शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, ठरलेल्या दिवशी कागद उघडून किती उगवले ते लिहायचं. माणसानं नोकरी करावी आणि संध्याकाळी विसरावी. यानं नोकरी घरी आणली आणि सगळ्या नातेवाइकांवर चालवली. माझ्या मोठ्या मुलाला दहावीत गुण कमी पडले, घरात तीन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. चौथ्या दिवशी हा आला, पोराला उभं करून वरखाली बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, उगवन उशिरा हाय, कमी न्हाई. कागद अजून जरा झाकून ठिवा." मी त्याला दार दाखवलं. पोरगा पुढे इंजिनिअर झाला, त्यामुळे मला आणखीच राग आला. दुसऱ्या गावचं पाणी तो पीत नसे. जालन्याहून बदनापूरला आमच्याकडे यायला अर्धा तास लागतो, तेवढ्यासाठी स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची बाटली काखेत. चाळीस वर्षांत माझ्या घरचा एक पेला त्यानं तोंडाला लावला नाही. विचारलं तर म्हणायचा, "पान्याला नावं न्हाई ठेवत गुरुजी. पोटाला वळन न्हाई."

हे पानी आणि वळन मला सर्वांत जास्त लागायचं. मी शाळेत मराठी शिकवत होतो. आमच्या भागात ण हे अक्षर फळ्यावर असतं, तोंडात सहसा नसतं. पोरं लोनी म्हणायची, कनीस म्हणायची, आणि मी छडी हातात घेऊन त्यांच्याकडून ण काढून घ्यायचो. साडूवर छडी चालत नव्हती, म्हणून मी त्याला चारचौघांत टोकायचो. "साडूभाऊ, पानी नाही, पाणी. जीभ वर न्या, टाळूला लावा." तो हातातला घास खाली ठेवायचा, डोळे मिटायचा, जीभ वर न्यायचा, सगळी पंगत वाट बघायची, आणि तो शांतपणे म्हणायचा, "पानी." हशा पिकायचा. सर्वांत मोठ्यानं हसायची ती धाकटी. धाकटी म्हणजे त्याची बायको, माझी मेव्हणी. आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणायचो, साठी उलटली तरी.

आता लोक म्हणतात, त्या वेड्यानं आजारी बायकोला टेम्पोत घालून वाळवंटात नेलं. हे म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो, आणि त्यांत माझी सख्खी भावंडं आहेत. जायचं होतं धाकटीला. मी त्या वेळी समोर बसलो होतो. तिनं टीव्हीवर कच्छचं रण बघितलं होतं. मला म्हणाली, "दाजी, काळ्या मातीत जलम गेला. नखात काळी, साडीला काळी, भाकरीला हात लावावं तर हाताला काळी. एकदा पांढरी जमीन बघायची हाय, नजर जाईल तिथवर पांढरी." साडू म्हणाला, "मला दुसऱ्याच्या गादीवर झोप न्हाई लागत." ती म्हणाली, "मंग आपली गादी घेऊन चला." तो म्हणाला, "पानी?" ती म्हणाली, "विहीरबी घ्या संगं." आणि या माणसानं ते अक्षरशः केलं. मोसंबी वाहून थकलेला एक जुना टेम्पो आणला, मागे फळ्या ठोकून पलंग केला, त्यावर घरची गादी, गॅसची शेगडी, बाजूला तंबू ताणायला ताडपत्री आणि स्वतःच्या विहिरीच्या पाण्याचे दोन मोठे कॅन. टेम्पोला मोसंबीचा वास शेवटपर्यंत होता. निघताना माझ्या दारात थांबले. मी म्हणालो, "रस्त्यावर चूल मांडायला घरात काय कमी आहे?" धाकटी टेम्पोतून म्हणाली, "घरात रस्ता कमी हाय, दाजी."

दोन-तीन दिवसांआड त्याचा फोन यायचा. त्याच्याकडे बटणांचा जुना फोन होता आणि तोंडपाठ नंबर एकच, माझा. बाकी सगळे नंबर धाकटीच्या मोबाइलमध्ये. "गुरुजी, गुजरातेत शिरलो. चहात आलं लय टाकतेत." "गुरुजी, आज उंट बघितला. तब्येतीनं बरा हाय, तोंडावरून उगवन शंकास्पद वाटली." "ही लय खुशीत हाय. ताडपत्री बांधताना शिट्टी वाजवून राह्यली." मी हूं हूं करायचो आणि फोन ठेवल्यावर बायकोपाशी बडबडायचो की या वयात शिट्टी शोभते का. शेवटच्या फोनवर त्यानं एक नंबर लिहून घ्यायला सांगितला. रणाच्या कडेच्या गावात ज्याच्या अंगणात त्यांचा मुक्काम होता त्या माणसाचा. "काही झालं तर ह्याला फोन करा. उद्या पांढरी जमीन दाखवतो हिला, मंग गाडी घराकडं वळवतो." मी तो नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला.

त्यानंतर चार दिवस फोन नाही. मी धरून चाललो की ते परतीच्या वाटेवर आहेत. खरं म्हणजे धाकटीचा पाय तिथून निघत नव्हता, म्हणून ते तिथेच थांबले होते. इकडे आमच्याकडे चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता, शेतांत पाऊल ठेवलं तर चप्पल तिथेच राहत होती. पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"गुरुजी, गाडी बसली. रनात."

"कुठे?"

"रनात हो. वरून कोरडं दिसलं, आत समदा चिखल. चाकं पार बसली. जल्दी कायतरी करा."

आमच्याकडे रान म्हणजे शेत. साडूचं रान जालन्याच्या अलीकडे, आणि तिथे जायचं तर बदनापुरात माझ्या दारावरूनच जावं लागतं. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहिलं. हे दोघं परत आले, माझ्या दारावरून टेम्पो नेला, चहाला थांबले नाहीत, आणि आता काळ्या चिखलात रुतल्यावर माझी आठवण झाली. मी म्हणालो, "दारावरून जाताना हाक मारायला जीभ उचलली नाही का?"

"आं? कुनाच्या दारावरून? गुरुजी, रनात, रनात. हिला ऊन लागून राह्यलं."

"ऊन लागतंय तर लिंबाखाली बसवा. आणि बसा आता रानात." मी फोन ठेवला.

बत्तीस वर्षं पोरांना ण शिकवलेला माणूस मी. त्यानं तीनदा सांगितलं, मला एकदाही ऐकू आलं नाही. आणि कॅलेंडरवरचा नंबर माझ्या डोळ्यांसमोर होता.

बायको म्हणाली, आले असतील तर जाऊन भेटू. मी म्हणालो, आधी त्यांनी यायचं. तिनं बहिणीला फोन लावला, तो बंद होता. मी म्हणालो, रानात रेंज नसते. असे दोन दिवस मी रुसून बसलो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचा पुण्याहून फोन आला. रडत होती. "काका, आईबाबा कच्छच्या रणात अडकले होते. मिठागरातल्या माणसाला दिसले. आई दवाखान्यात आहे." तिच्या तोंडचा ण पुण्याचा, स्वच्छ. तो ऐकल्यावर मी कॅलेंडरकडे बघितलं. त्यावरचा नंबर तसाच होता.

तिथे काय झालं ते नंतर धाकटीनंच सांगितलं. मी फोन ठेवला आणि पाठोपाठ त्याच्या फोनची बॅटरी गेली, धाकटीचा मोबाइल सकाळपासूनच बंद. तिला सोडून तो चालत गेला नाही. टेम्पोच्या सावलीत ताडपत्री बांधली, तिला गादीवर झोपवलं, आणि आम्ही ज्यांची टिंगल केली त्या दोन कॅनमधलं पाणी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत पुरवलं. अशातही यानं मूग ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते, रणातल्या खाऱ्या पाण्यावर उगवण बघायला. धाकटी हे सांगताना हसली होती. "शून्य निघाली, दाजी. मी म्हनलं, मला न्हाई ना मोजलं फडक्यात?"

ती घरी आली, पण पूर्वीसारखी हिंडली नाही. वर्षभरानं गेली. डॉक्टर म्हणाले हृदय जुनंच कमजोर होतं. डॉक्टरांना विचारायला गेलो फक्त मी. बाकीच्यांना विचारायची गरज वाटली नाही, त्यांच्याकडे रण तयार होतं. तेराव्याला सगळ्यांसमोर लेक बापाला म्हणाली, "दोन दिवस आई उन्हात पडली होती. एक फोन करता आला नाही तुम्हाला? काकांना तरी?" तिनं माझ्याकडे बघितलं. साडूनंही माझ्याकडे बघितलं. मग तो सतरंजीकडे बघत म्हणाला, "न्हाई जमलं." आणि मी बशीत चहा ओतला आणि प्यालो. चहा गरम होता एवढंही मला आठवतं. लेक त्या दिवशी गेली ती परत आली नाही.

मागच्या आठवड्यात तिचा मला फोन आला. मुलगी झाली आहे, बारशाला या. "फक्त बाबांना कळू देऊ नका, काका." त्या वाक्यानं माझ्यात काहीतरी फाटलं. आधी बायकोला सगळं सांगितलं. तीन दिवस ती ताट समोर ठेवायची आणि आत जायची. चौथ्या दिवशी मी पॅसेंजरनं जालना गाठलं आणि तिथून रिक्षानं उलटा साडूच्या रानात गेलो.

टेम्पो लिंबाखाली उभा आहे. टायरांत हवा नाही. हा रोज दुपारी त्यात जाऊन बसतो. मी पायरीवर उभा राहून म्हणालो, "साडूभाऊ, त्या दिवशीचा तो फोन..."

"म्हाइत हाय की," तो म्हणाला. "मीच केल्ता ना."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडायला लागलो. "मग बोलला का नाहीत? चार वर्षं लेक तोंड बघत नाही, लोक तुम्हाला खुनी म्हणतात, आणि तुम्ही न्हाई जमलं म्हणता? माझ्या तोंडावर मारायची होती ती गोष्ट. सतरंजी कशाला बघत बसलात?"

तो माझं ओरडणं संपेपर्यंत थांबला. "हिनं शपथ घातल्ती. ताईच्या घरात भांडन नको म्हनली. दाजींनी मुद्दाम न्हाई केलं, चूक तुमच्या जिभेची हाय म्हनली. मंग मीबी विचार केला, बराबर हाय."

"काहीच बराबर नाही. बिलकुल नाही," मी म्हणालो, आणि तिथेच उभं राहून त्याच्या लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं. फोन, रान, रण, लिंब, कॅलेंडर, बशीतला चहा. तो मला थांबवायला उठला, "गुरुजी, तुमचं जानंयेनं बंद होईल तिच्याकडं," म्हणाला. मी त्याला हातानं खाली बसवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही तेव्हा समोर बसला होतात." आणि फोन ठेवला. बारशाला या, असं ती पुन्हा म्हणाली नाही, आणि ते योग्यच झालं.

मी टेम्पोच्या पायरीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं त्याचा तो बटणांचा फोन वाजला. त्यानं नंबर बघितला आणि हात पुसून घेतले, जसे कारखान्यात कागद उघडायच्या आधी पुसत असेल. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. हा एवढंच बोलला, "रानात हाय गं. गुरुजीबी हायेत. लिंबाखाली बसलोत." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. शेवटी, "येतो की बारशाला. आपल्या विहिरीचं आनतो. बाळाला कशाला, मला," असं म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "रण."

मी दचकलो. ण असा की मी फळ्यापाशी उभा राहून कधी इतका स्वच्छ काढला नसेल.

"हिनं शिकवला," तो म्हणाला. "तिकडून आल्यावर रोज हितं बसवायची मला. हनुवटीखाली बोट धरायची. म्हनायची, पुढच्या बारीला फोन केला तर दाजींना बराबर कळलं पाह्यजे." त्यानं स्टिअरिंगवरची धूळ तळहातानं पुसली. "वर्षभरात तेवढा एकच शब्द बसला."

तिच्या मनात पुढची बारी होती. मला ते ठाऊक नव्हतं.

ऊन कललं होतं. त्यानं सीटमागून बाटली काढून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "पानी?" मी घेतलं. टोकलं नाही.