बरणीवरची पट्टी

हसायचं नाही, कबूल असेल तरच सांगते. जाऊ दे, चाकणची आमची अख्खी कंपनी हसून मोकळी झालीये, तुम्ही तरी काय घोडं मारलंय?

मी तिथे सेफ्टी ट्रेनी. पर्मनंट करायचं की घरी पाठवायचं, ते सोमवारी ठरणार होतं. आणि मी शनिवारी कुठे? भीमेकाठी, मामाचा ऊस बघायला! (मामाच्या गावातली निम्मी पोरं आमच्याच लाइनवर आहेत, हे लक्षात ठेवा.)

मामा सरीत युरिया टाकून लगेच मातीनं झाकत होता.

"मामा, एवढी मेहनत कशाला? नुसता भुरभुरून टाक ना!"

"आगं, चुनखडीची जमीन हाय आपली. वर ऱ्हायला तर त्याचा अमोनिया व्हतो आन जातो उडून. झाकला तर माती धरून ठेवती, उसाला घावतो."

"खत उडतं? काहीपण हं मामा!"

"न्हाई पटत? मग बघ करून."

झालं! आपण इंजिनियर, ऐकणार होय? मामीची लोणच्याची रिकामी बरणी घेतली, निम्मी ओली माती, वर दोन मुठी युरिया, झाकण गच्च. वर पट्टी चिकटवून मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं, 'युरिया उडत नाही. केतकी.' सोमवारी उघडायची आणि मामाला व्हिडिओ पाठवायचा!

सोमवारी मामाकडूनच थेट फर्स्ट शिफ्टला. सॅक लॉकरमध्ये कोंबली. जरा जोरातच कोंबली म्हणा.

नऊच्या सुमारास लॉकररूमकडून असा वास आला, असा वास, की डोळ्यांतून पाणी! अमोनिया! आमच्या भिंतीला लागून कोल्ड स्टोरेज, त्यांच्या मशिनरीत अमोनियाच असतो. मग काय, दाबलं सायरनचं बटण!

लाइन बंद. अख्खी शिफ्ट असेंब्ली पॉइंटला, उन्हात. मी शिट्टी फुंकत हजेरी घेतेय. आमचे सेफ्टीचे सर मेगाफोनवरून म्हणाले, "शाब्बास केतकी!"

मी मनातल्या मनात पर्मनंटचे पेढे वाटून टाकले. वर सल्लाही दिला, "सर, त्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना चांगलं झापा!"

तेवढ्यात मास्क लावलेले दोघं लॉकररूममधून आले. हात लांब धरून, बॉम्ब आणल्यासारखे. हातात बरणी! झाकण तिरकं झालेलं.

सरांनी नाक दाबून पट्टी वाचली. मेगाफोन चालूच होता.

"युरिया... उडत... नाही. केतकी."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, कोल्ड स्टोरेजवाल्यांना झापायचं राहिलं की!"

पर्मनंट झाले हो! सर म्हणाले, वास ओळखलास, माणसं बाहेर काढलीस, ते बरोबरच. फक्त एक अट. नव्या बॅचला अमोनिया मीच शिकवायचा, ती बरणी हातात धरून. पट्टी काढायची नाही.

या सगळ्यात मामाला व्हिडिओ पाठवायचा राहूनच गेला. संध्याकाळी त्याचाच फोन.

"पोरी, व्हिडिओ मिळाला बरं का. चौघांकडनं मिळाला."