वाळूतल्या पाली आणि ब्राह्मीआक्का

माझ्या थोरल्या बहिणीला, ब्राह्मीआक्काला, गाव तोंडाळ म्हणतं. म्हणू दे. तिला तोंड उघडायला कुणी लावलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

तिचं सासर निपाणीजवळच्या खेड्यात. जैन घर, तंबाखूची शेती. विहिरीचं पाणी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव बादलीनं अलगद परत त्याच विहिरीत सोडायचे, ही रीत. सून म्हणून आली तेव्हापासून हे काम आक्काच्याच गळ्यात.

अठ्ठ्याहत्तर साली दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, नवं घर बांधायला काढलं. वेदगंगेची वाळू कधीची येऊन पडली होती. भिंती उभ्या राहिल्या, गिलाव्याला वाळू लागणार, तेव्हा ढिगाच्या बुडाशी आक्काला बिळं दिसली. आत बोटाएवढ्या पाली. भिंतीवर न चढणाऱ्या, वाळू उकरून राहणाऱ्या. एका बिळात अंडीसुद्धा.

"लई इखारी असत्यात, आक्का. ठेचून टाकतो," गवंडी यल्लाप्पा म्हणाला.

आक्का फावड्यापुढं उभी राहिली. "नदीवर न्हेऊन सोडायच्या. उद्या स्तवनिधीस्नं आले की मी सोता वाळू चाळते. तवर हात लावायचा न्हाय."

दाजी "व्हय, व्हय" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती देवदर्शन करून परतली, तर भिंतींना गिलावा चढत होता. अंगणात ठेचलेल्या पालींना मुंग्या लागल्या होत्या. अंडी वाळूबरोबर गिलाव्यातच कालवली गेली असणार.

"पाऊस तोंडावर आलाय. पालींसाठनं घर थांबवू व्हय? लोक हसतील," दाजी म्हणाले.

"दिसत न्हाईत ते जीव माझ्याकडनं इहिरीत सोडून घेता, आनि दिसत्यात ते ठेचता? ह्यो धरम न्हवं. बायकूला लावलेलं काम हाय निस्तं!"

घरभरणीला पाहुणे जमले. पाण्याची घागर घेऊन घरच्या सुनेनं आधी उंबरा ओलांडायचा. आक्का जुन्या घरातच बसून राहिली. सगळ्यांनी मला पुढं केलं, "तू बहीण, तिला समजाव." माझं डोकंच फिरलं. शब्द यांनी मोडायचा आणि समजूत तिची काढायची! मी पाहुण्यांदेखत म्हटलं, "दाजी, घागर तुमीच उचला."

आक्का त्या घरात कधीच गेली नाही. दाजी थोडे दिवस तिथं एकटे राहिले, मग मुकाट्यानं जुन्या घरी आले. ती जेवायला वाढायची, बोलायची नाही. नव्या घरात तंबाखूची बोदं, ती मोठाली पोती, रचली. चार पालींपायी बाईनं संसार नासवला, असं लोक खुशाल बोलत राहिले. त्यांची तोंडं मला आजही बघवत नाहीत.

पंचाऐंशी साली आक्का वारली. माणसं जमायला लागली तसे दाजी म्हणाले, "नव्या घरात ठिवूया तिला. जागा लई हाय."

मी दारात आडवी झाले. "जित्तेपणी गेली न्हाय ती. आता बोलता येत न्हाय म्हनून न्हेता व्हय?"

दाजी खाली बसले. आक्काला आम्ही जुन्या घरातूनच नेलं.