इस्त्रीच्या टेबलाला कठडा

सौंसरमध्ये कळंबे सरांची बोलणी न खाल्लेला माणूस एक तर कालच बदली होऊन आलेला असतो, नाही तर विज्ञानात त्याला कायम पहिला नंबर मिळालेला असतो. बाकी सगळ्या गावाने कधी ना कधी ती खाल्ली आहेत. सरकारी शाळेत उभी हयात विज्ञान शिकवताना विजय कळंबे यांनी गावाची एकही समजूत धड राहू दिली नाही. मांजर आडवी गेली की सर मुद्दाम तोच रस्ता धरत. ग्रहण लागलं की लोक दारं लावून घरात बसत, आणि सर बस स्टँडसमोर उभे राहून तर्री-पोहे खात. तेही दोन प्लेट, म्हणजे पहिली चुकून खाल्ली असं कोणाला वाटायला नको. त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई त्या वेळी देवासमोर बसून स्वतःच्या आणि नवऱ्याच्याही वाट्याचं भिऊन घ्यायच्या. संसार म्हटला की कामं अशीच वाटून घ्यावी लागतात.

अशा या माणसाला निवृत्तीनंतर एक साधं टेबल घेणं जमेना.

झालं असं, की पुण्याला नोकरी करणारी त्यांची एकुलती एक मुलगी ऋतुजा बाळंतपणाला माहेरी येणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण तिने फोनवर एक अट घातली. घरामागची छोटी खोली बाळासाठी तयार झाली पाहिजे आणि तिच्यात लंगोट बदलायची पक्की सोय पाहिजे. पोटाला टाके पडले तर सारखं खाली वाकणं जमणार नाही, म्हणून कंबरेएवढ्या उंचीचं टेबल हवं. खोली झाली तर सातव्या महिन्यात ओटी भरल्यावर येईन, नाही तर पुण्यातच राहीन. आणि हे सगळं बाबांनीच करायचं, आईने नाही.

प्रेमलताबाई एवढंच म्हणाल्या, की बाळ जगात येण्याआधी बाळाची वस्तू घरात आणत नाहीत. एरवी अशा वाक्यावर सर तासभर बोलले असते. या वेळी ते नुसते "हं" म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

कारण होतं. दोन वर्षांपूर्वी ऋतुजाला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सर नागपूरला कामाला गेले होते आणि हौसेने बाळाची छोटी मच्छरदाणी घेऊन आले होते. आठवडाही झाला नाही, तोच पुण्याहून फोन आला. सगळं संपलं होतं. मच्छरदाणीचा आणि त्या गोष्टीचा काडीचाही संबंध नाही, हे सरांना ठाऊक होतं. ते त्यांनी मुलांना फळ्यावर लिहून पटवून दिलं असतं. प्रेमलताबाईंनीही कधी शब्दाने काढलं नाही. मच्छरदाणी मुकाट्याने कुठेतरी ठेवून दिली, आणि नेमकं ते न बोलणंच सरांच्या जिवाला लागलं. आता लेक घरी यावी म्हणून जीव तुटत होता आणि ती यावी म्हणून जे करायचं, त्याला हात धजत नव्हता.

पण विज्ञानाचा मास्तर भितो असं म्हणणार कसं? म्हणून सरांनी एक युक्ती काढली. ते सुताराकडे गेले. मुकुंद सुतार त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याला त्यांनी इस्त्रीचं टेबल सांगितलं. वस्तू बाळाच्या नावाने आणायचीच नाही म्हणजे प्रश्न मिटला. आता ही पळवाट नेमकी कोणाला फसवण्यासाठी होती, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. उंची कंबरेएवढी, वर गादी बसेल एवढी जागा, खाली धुतलेले कपडे ठेवायला फळी, इथवर सगळं ठीक चाललं. मग सर म्हणाले की तिन्ही बाजूंनी वीतभर उंच कठडा पाहिजे. मुकुंदने कानामागची पेन्सिल काढली होती, ती परत ठेवली.

"सर, इस्तरीच्या टेबलाले कठडा काऊन? कपडे पळून जाऊन राहिले का?"

पुन्हा येतो म्हणून सर निघाले. मुकुंदला काय कळायचं ते कळलं होतं. सरांची ऋतुजा पोटुशी आहे हे अख्ख्या सौंसरला माहीत होतं, पण गुरुजींना तोंडावर कोण विचारणार?

ओळखीच्या गावात नको म्हणून सर स्कूटर काढून पांढुर्ण्याला गेले. तिथे लहान मुलांच्या सामानाचं नवं दुकान निघालं होतं. दुकानातल्या मुलीने आधी विचारलं, बाळ किती महिन्यांचं? अजून व्हायचंय, हे शब्द सरांच्या ओठावर येईनात. ते म्हणाले, मित्राचा नातू आहे, सहा महिन्यांचा. मग काय, ती पोरगी कामात हुशार निघाली. सहा महिन्यांचं बाळ गरगर लोळतं, त्याला टेबलावर ठेवणं धोक्याचं, तुम्ही जमिनीवर टाकायची पुसता येणारी गादीच घ्या, असं तिने परोपरीने समजावलं. सरांना तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. फक्त ते भलत्याच बाळाबद्दल होतं. जमिनीवरच्या गादीची अडचण ही, की ऋतुजाला वाकावं लागणार. सर रिकाम्या हाताने परतले. वाटेत त्यांना हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

पुढे जावई स्वप्निल फोनवर फोटो पाठवू लागला. भिंतीला लावायचं, घडी होणारं टेबल सरांनी नाकारलं. का, तर बिजागरी निसटली म्हणजे? ड्रॉवरवालं टेबल नाकारलं, त्याचे कोपरे टोकदार. चाकांचं तर पाहताच नाकारलं. मग खोलीचा प्रश्न निघाला. टेबल खिडकीशी ठेवलं तर उन्हाळ्यात झळ लागणार, समोरच्या भिंतीशी ठेवलं तर कूलरचा वारा थेट बाळाच्या अंगावर. प्रत्येक हरकत शास्त्रशुद्ध होती. एवढा खोल अभ्यास करून एकही वस्तू घरात न आणणारा माणूस स्वप्निलने पहिल्यांदाच पाहिला असावा. गावात मात्र चर्चा अशी, की सरांना पुण्याच्या तोडीचं नसेल तर काही पसंतच पडत नाही. पोरगी शहरात गेली की बापाचं डोकं आभाळाला टेकतं, असंही कोणी म्हणालं.

शेवटी एका दुपारी ऋतुजाचाच फोन आला. आवाज रडवेला होता.

"बाबा, खरं सांगा. मी यावं असं तुमाले वाटत नाही का?"

आता सांगूनच टाकावं, असं सरांनी ठरवलं. मच्छरदाणी, भीती, सगळंच. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

"मी इथं दुकानात दोनदा जाऊन आली. वस्तू हातात घेते अन् ठेवून देते. आईले भेव, सासूबाईले भेव, स्वप्निल तर दुकानाच्या बाहेरच थांबते. आपल्या घरात तुमीच एकटे आहा, ज्याले कशाचं भेव नाही लागत. म्हणून तुमाले सांगितलं. तुमी आणलं तर मले वाटन, काही होत नाही."

सरांनी उघडलेलं तोंड मिटलं. घसा खाकरला. मग वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "त्यात भ्यायचं काय? आजच बनवायले टाकतो."

ते तसेच चपला घालून मुकुंदकडे गेले. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. सर सगळ्यांच्या देखत म्हणाले, की इस्त्रीचं टेबल नको, होणाऱ्या नातवंडाचे लंगोट बदलायचं टेबल पाहिजे, कठड्यासकट. मुकुंद चाचरला. बाळ व्हायच्या आधीच का सर, आमच्या घरी तर म्हातारी चालू देत नाही, असं काहीसं पुटपुटला. त्यावर सर जे बोलले, तसं ते वर्गातही कधी बोलले नव्हते, असं मुकुंद अजून सांगतो. लाकूड काय, गर्भ काय, आणि सुताराच्या रंध्याचा पोटातल्या जिवाशी संबंध तो काय. गिऱ्हाइकं माना डोलवत होती. बोलताना सरांनी समोरची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. मुकुंदला वाटलं, सर सागवान तपासत आहेत.

घरी आले तेव्हा प्रेमलताबाई पुढच्या खोलीत भाजी निवडत होत्या. टेबल सांगितलं का, त्यांनी विचारलं. सांगितलं, सर म्हणाले. कोणाच्या नावानं? बाळाच्या. बाईंचा भाजीतला हात थांबला.

"तुमाले भेव नाही लागलं?"

"लागलं," सर म्हणाले. "तिले सांगू नको."