सरदार हरचंदची उणीव

ज्या कोणी खेळाच्या पुस्तकात तो नियम लिहिला, त्याने आमच्या अनिलचा एक अख्खा हंगाम छळ केला! नाव मला माहीत नाही. नियम मात्र पाठ आहे : ‘दरबारी माणसाला तलवार आली नाही तरी चालेल, राजासमोर बोलता आलंच पाहिजे.’ अरे बाबा, हे लिहिण्याआधी तू कधी सरकारी ऑफिसच्या बाकावर बसला होतास का?

असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कूलरच्या टाकीत गाळ साचतो तसे ते साचतात. उन्हाळाभर कुणी बघत नाही, आणि एक दिवस हात घातला की वाटतं, एवढं आलं कुठून?

आमचा गाळ चौघांचा. प्रशांत, सोनल, अनिल आणि मी. जागा : वणीत प्रशांतच्या घराची वरची खोली. खालून कोळशाचे ट्रक जायचे आणि आमच्या कागदांवर काळी पूड बसायची. माझ्या पुण्याच्या मावसभावाने एका खेळाचं जाडजूड पुस्तक झेरॉक्स करून दिलं होतं. तलवारी, जहाजं, नकाब, झुंबरावरून उड्या. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र बनवून त्यात जगायचं. पात्राचे गुणदोष एका कागदावर लिहायचे. नशीब ठरवायला दहा बाजूंचा फासा लागतो. तो वणीत मिळेना, म्हणून आम्ही डब्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या.

बाहेर कापसाची, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं चालू होती. टीव्हीवर आमच्या जिल्ह्याचं नाव आलं की आई आवाज बारीक करायची.

०

पहिल्या दिवशी प्रशांतने समुद्री लुटारू घेतला. त्याने समुद्र पाहिला नव्हता. वर्धा नदीच्या पुरावर भागवलं. सोनलने नकाबवाली तलवारबाज घेतली.

अनिल म्हणाला, “मले दरबारी पाह्यजे.”

आम्ही तिघं त्याच्याकडे बघतच राहिलो. हा मुलगा वर्गात हजेरीला “येस सर” म्हणायच्या ऐवजी हात वर करायचा!

दरबारी म्हणजे उमराव, आणि उमरावाला जहागीर हवी. अनिलने बराच विचार करून लिहिलं, ‘चार एकर, कोरडवाहू.’

“अबे, उमराव हाय थो!” प्रशांत ओरडला. “राजाच्या मांडीले मांडी लावून बसते! जरा मोठं लिही ना बे!”

अनिलने खोडलं. पेन्सिलचं टोक चावलं. मग लिहिलं, ‘चार एकर, ओलित.’

०

पुढचा प्रश्न : राजाने या माणसाला दरबारात का ठेवलंय? पुस्तकात पर्याय होते. गोड बोलणं, नातं, गुपितं.

अनिल केळापूर तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरचा. त्याला एकही पर्याय पसंत पडेना.

“राजाच्या फौजेले धान्य आन् मीठ कोन पोचवते?” तो म्हणाला. “आमची लदणी. पाठीवर गोण्या लादलेले हजार बैल. फौज लढते, तलवारी चमकते, गाणे त्याह्यचेच. बैल नाही आले तं तिसऱ्या दिवशी तुहे सारे सरदार रानात भाजी उपटत बसतीन.”

म्हणून सरदार हरचंद नाईक. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. दुसरा किताब त्याला नको होता.

मी पुस्तकात बैल शोधला. घोडा होता, जहाज होतं, खांद्यावर बसणारं माकडसुद्धा होतं. बैल नव्हता! गोष्ट चालवणारा मी. मी निर्णय दिला, “एक बैल म्हणजे अर्धा घोडा.”

“उलटं,” अनिल म्हणाला.

तासभर भांडण झालं. सोनलने निकाल दिला, “घोड्याला दाणा कोण आणून देतो? बैल. संपलं.”

०

मग उणीव. प्रत्येक पात्राला एक उणीव लिहावीच लागते, त्याशिवाय खेळ सुरू होत नाही. प्रशांतने ‘राग’ लिहिलं. सोनलने ‘गर्व’.

अनिलने लिहिलं, ‘ऑफिसात गेलो की आवाज जाते.’

“ही तुझी उणीव आहे,” सोनल म्हणाली. “सरदाराची लिही.”

“मंग सरदार दुसरा कोन हाय?”

प्रशांत हसायला लागला आणि मधेच थांबला. कारण अनिल हसत नव्हता, कागदाकडे बघत होता.

तेव्हा कळलं. त्या वर्षी तांड्यावरच्या बारा घरांनी एकाच दुकानातून सरकीचं बियाणं घेतलं होतं. पेरलं, पाऊस आला, आणि शेतं तशीच राहिली. दुबार पेरणी करावी लागली. तक्रार केली तर पाहणीला आलेला माणूस बांधावरूनच अनिलच्या वडिलांना म्हणाला, “काका, तुम्हाला पेरताच आलं नाही.” आता सुनावणी होती. तिथे बियाणं खराब असं लिहिलं गेलं नाही, तर कागदावर कायमचं राहणार होतं की या बारा घरांना पेरता येत नाही. तांड्यावर बी.ए. झालेला एकटा अनिल. बोलायचं त्यालाच होतं.

“बा रोज इचारते,” तो म्हणाला. “म्हणते, बोलशीन ना? मी म्हणतो, हो.”

०

सुनावणीच्या पहिल्या तारखेला मी त्याच्यासोबत गेलो होतो. खरं तर मीच घाई केली. म्हटलं, तू गप्प बस, मी बघतो. त्या वर्षी मी राज्यघटनेची प्रास्ताविका पाठ केली होती आणि ती कुठेतरी वापरायची होती.

वापरली! साहेबांसमोर उभा राहून मी समता म्हणालो, न्याय म्हणालो, टेबलावर हातही आपटला. साहेबांनी शांतपणे विचारलं, “आपण अर्जदार?”

“नाही, पण…”

“नातेवाईक?”

“नाही, पण नागरिक…”

“पुढची तारीख द्या यांना.”

बाहेर आलो. अनिलच्या वडिलांनी मला पाणी दिलं, मला रडू यायचंच काय ते बाकी होतं. अनिल मात्र सायकलचं कुलूप काढत म्हणाला, “तू लढवय्या घेत जाय बे. दरबारी नको घेऊ.”

०

मग आम्ही खेळातच सराव लावला. दिवाण झाली सोनल. तिचे वडील एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क; ती जेवणाच्या टेबलावर कारभार ऐकत वाढलेली. मी कल्पनेतसुद्धा असा दिवाण उभा करू शकलो नसतो.

सरदार हरचंद महालात आला.

“महाराज मीटिंगमध्ये आहेत.”

सरदार थांबला. पुन्हा आला.

“अर्जाची दुसरी प्रत?”

सरदाराने प्रत दिली.

“यावर तर कालची तारीख आहे. आज कालचे अर्ज घेत नाही.”

अनिलचा आवाज बारीक होत होत गेला. तळहाताचा घाम कागदाला लागून ‘जहागीर’ हा शब्द पसरला. प्रशांतच्याने बघवेना. त्याचा लुटारू खिडकीतून उडी मारून आत आला. “मारतोच या दिवाणाले! काढू का चिठ्ठी?”

“मार ना,” सोनल म्हणाली. “चार्ज दुसऱ्याकडे जाईल. तो म्हणेल, मला काही माहीत नाही, फाइल पहिल्यापासून सुरू करा.”

प्रशांतने तलवार म्यान केली. आमच्या खेळात एवढा मोठा पराभव पुन्हा कुणाचा झाला नाही.

०

त्याच दिवसांत तांड्यावर बाहेरून एक फोटोग्राफर आला. त्या वर्षांत असे बरेच यायचे. आम्ही तिथेच होतो. अनिल आपल्या वडिलांना सरदार हरचंदची लदणी समजावून सांगत होता आणि बैलाचे दोन घोडे झाले हे ऐकून ते पोट धरून हसत होते.

फोटोग्राफर थोडा वेळ कॅमेरा घेऊन ताटकळला. मग हिंदीत म्हणाला, काका, जरा नीचे देखिए. थोडा उदास.

वडिलांनी विचारलं, “किती वेळ?”

“बस, दो मिनट.”

“दोनच मिनट हां. मंग म्हशीले पाणी दाखवाचं हाय.”

आणि ते दोन मिनिटं उदास झाले! इतके चांगले झाले, की अनिलने मान फिरवली.

०

सुनावणीच्या आदल्या दुपारी तो खोलीवर आला. हातात सरदाराचा कागद.

“उणीव खोडता येते का?”

नियम असा : खेळत खेळत अनुभवाचे गुण मिळतात, तीन गुण भरले की उणीव खोडता येते. सरदाराकडे दोन होते.

“खोड बे!” मी म्हणालो. “कोण पाहते?”

“मी पाहून राह्यलो ना.”

“अनिल, हा खेळ आहे. उद्या खरं आहे. खोड आणि जा!”

त्याने रबर हातात घेतला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवला, कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाला, “दोन तं दोन.”

मी त्याच्यावर जाम चिडलो.

०

सुनावणी. टेबलामागे साहेब. बाजूला बियाण्याच्या कंपनीचा माणूस, पुढ्यात लॅपटॉप. भिंतीला लागून अनिलचे वडील आणि तांड्यावरची सहा माणसं, डोक्याचे रुमाल काढून हातात घेतलेले. आम्ही तिघं दारात. तोंड उघडणार नाही, असं सोनलने माझ्याकडून वदवून घेतलं होतं.

कंपनीचा माणूस म्हणाला, “सीड शंभर टक्के ओके आहे, सर. लोक घाई करतात. खोल पेरतात. टेक्निक नाही.”

अनिलच्या वडिलांनी मान खाली घातली. या वेळी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“हं, बोला,” साहेब म्हणाले.

अनिल उभा राहिला. तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा काही नाही. सोनलने माझं मनगट इतकं आवळलं की तिची नखं रुतली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “अर्जदारास काही सांगायचं नाही, असं लिहू?” आणि पेन उचलला.

अनिल वाकला. पायाजवळच्या थैलीतून त्याने एक ओली गुंडाळी काढली, साहेबांच्या टेबलाच्या काचेवर ठेवली आणि उलगडली.

गोणपाट! खोलीभर ओल्या तागाचा वास सुटला. त्यावर दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा दाणे. आठ दिवसांपूर्वी त्याने सगळ्या तांड्यासमोर उरलेली सीलबंद पिशवी फोडून ते मोजून भिजत घातले होते. आम्हाला त्याने पत्ता लागू दिला नव्हता. शेजारी त्याने ती पिशवी ठेवली, लेबल साहेबांकडे करून.

मग कोंबांवर बोट ठेवत गेला. एक. दोन. तीन. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चौथी ओळ, पाचवी ओळ, बोट नुसतं पुढे सरकत होतं. शंभर दाण्यांत ते नऊ ठिकाणी थांबलं.

पाणी काचेवरून फायलींकडे निघालं. कंपनीच्या माणसाने लॅपटॉप छातीशी धरला. अनिल हात बांधून उभाच राहिला. साहेबांच्या हातात पेन तसाच.

“अरे, हे काय चाललंय!” साहेब शेवटी ओरडले. “पुसा हे! शिपाई!”

म्हातारा शिपाई फडकं घेऊन आला. टेबलाकडे पाहिलं. दाण्यांकडे पाहिलं. साहेबांच्या पेनाकडे पाहिलं.

“साहेब,” तो म्हणाला, “पुसू, का आधी लिहून घेता?”